हेडफोन, पेटीचा क्लास की भजनी मंडळ?

मन जड झालंय, कशात रमत नाही, आणि कुणीतरी सांगितलंय, ‘जरा गाण्यात मन घाला.’ सल्ला चांगला आहे, पण अर्धा. गाण्यात मन घालायचं म्हणजे नेमकं करायचं काय? कोल्हापुरात रंकाळ्यावर फेरी मारताना कानात गाणी लावायची, संध्याकाळच्या क्लासला नाव घालायचं, की पेठेतल्या देवळात भजनाला जाऊन बसायचं? तिन्हींचा खर्च वेगळा, गुण यायला लागणारा वेळ वेगळा आणि प्रत्येकाची डोकेदुखीही वेगळी. माझा कल आधीच सांगतो. दिवसाचा शीण असेल तर ऐकणं पुरतं. रोज तेच ते करून जीव विटला असेल तर क्लास. आणि माणसांवाचून घर खायला उठत असेल तर भजन.

ऐकणं सगळ्यांत स्वस्त आणि आज रात्रीच सुरू होणारं. आवडत्या गाण्यात अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामीन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि ती जागा आता येणार म्हणून आपण वाट बघतो तेव्हाही सुटतं, असं मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं. त्यामुळं मूड सुधारणाऱ्या गाण्यांच्या तयार याद्या शोधत बसू नका. कॉलेजात असताना शंभरदा ऐकलेलं गाणं जास्त कामाचं, कारण त्यातली जागा कुठं येते ते तुम्हाला पाठ असतं. संगीतोपचार करणारे एक जुनी रीत पाळतात: आधी मन आहे तसंच गाणं, मग हळूहळू लय चढवत न्यायची. उदास असताना एकदम ढिंगच्याक लावलं तर चीडच येते.

इटलीतल्या एका अभ्यासात २००६ मध्ये एक गंमत दिसली. गाण्यांच्या मध्ये दोन मिनिटं शांतता ठेवली, तर त्या शांततेत नाडी आणि रक्तदाब गाण्याच्या आधीपेक्षाही खाली आले. तेव्हा एकामागून एक आपोआप वाजणारी गाणी बंद करा आणि मध्ये थांबा.

धोके दोन. एकच गोष्ट मनात घोळवत बसायची सवय असेल, तर दुःखी गाणी त्या घोळवण्याला खतपाणी घालतात. अर्ध्या तासानं बरं वाटण्याऐवजी जास्त वाईट वाटत असेल तर यादी बदला. दुसरा धोका कानांचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, ९० डेसिबल मात्र चारच तास. महाद्वार रोडच्या गर्दीत हेडफोन घातला की आवाज आपोआप वर जातो. ऐकायचं तर पहाटे रंकाळ्यावर किंवा घरी. (मिरवणुकीतली साउंडची भिंत या लेखात धरलेली नाही. छाती हादरते, ते वेगळं.)

क्लासचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे, कारण या गावाला गाण्याचा इतिहास आहे आणि तो कधी कधी अंगावर येतो. गायन समाज देवल क्लब १८८३ चा. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी इथं होते. विष्णु दिगंबर पलुस्कर शेजारच्या कुरुंदवाडचे. एवढं डोक्यात घेऊन पन्नाशीतला माणूस क्लासला गेला, की पहिल्याच दिवशी त्याला स्वतःच्या गळ्याची लाज वाटायला लागते. तिची गरज नाही. तुम्हाला मैफल मारायची नाही, मन हलकं करायचंय, आणि हे सरांना किंवा बाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाका. नाहीतर ते सवयीनं प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षांच्या गाडीत बसवतात, आणि मन सुधारायला गेलेला माणूस परीक्षेच्या धास्तीनं आणखी खचतो.

वाद्य निवडताना एकच कसोटी लावा: पहिल्या आठवड्यात त्यातून कानाला बरं वाटेल असं काही निघतं का? पेटी या कसोटीला उतरते. पट्टी दाबली की सूर लागलेलाच असतो. दोनचार बैठकांत ओळखीची ओळ वाजते. बासरीत आधी फुंक साधावी लागते, व्हायोलिनवर सूर सापडेपर्यंत महिने जातात, आणि तोवर घरचेही वैतागतात. मन आधीच खाली असेल त्यानं ही दोन वाद्यं पुढच्या वर्षावर टाकावीत. नवी बरी पेटी घ्यायची तर पाच आकडी रक्कम जाते. सुरुवात क्लासमधल्या पेटीवर करा. तानपुऱ्यासाठी मिरजेला धावायचीही घाई नको, मोबाइलमधला तानपुरा बरीच वर्षं पुरतो.

गळ्यानं शिकणार असाल तर सकाळचा खर्जाचा रियाज सोडू नका. खालच्या सुरात लांब श्वासानं ‘सा’ लावून धरायचा, एवढंच. अलंकार-पलट्यांचा, म्हणजे सुरांच्या त्याच त्या सरावाचा, कंटाळा येतो, खर्जाचा येत नाही. तरीही पहिले तीन महिने क्लासमुळं मूड सुधारेलच असं नाही. चुका ऐकून उलट चिडचिड होते. गुण येतो तो उशिरा, पण मग टिकतो.

भजनी मंडळात हे थांबणं नसतं. पहिल्या दिवशी हातात टाळ देतात, मागं बसवतात, आणि बुवांनी म्हटलेलं धृपद, म्हणजे पालुपद, सगळ्यांबरोबर धरायचं. तुमचा सूर हलला तरी वीस गळ्यांत तो कुणाला सापडत नाही. सुरुवातीला लय संथ, मग पखवाज चढायला लागतो, गजर येतो, घाम फुटतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रौढांच्या वर्गांची तुलना केली: काहींत गाणं, काहींत हस्तकला, काहींत लेखन. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांत ओळखी सारख्याच घट्ट झाल्या होत्या, पण गाणाऱ्यांचं पहिल्याच महिन्यात जमलं होतं. एकट्या पडलेल्या माणसाला हा पहिला महिनाच महत्त्वाचा असतो. इंग्लंडमध्ये बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या आयांवर २०१८ साली असाच अभ्यास झाला. लक्षणं मध्यम ते तीव्र होती त्यांच्यात, एकत्र गाणाऱ्या आया नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा लवकर सावरल्या.

श्वासाचंही आहे. जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, हे २००१ मध्ये मोजलं गेलंय. एरवी तो बारा-पंधराच्या घरात असतो. अभंगाची लांब ओळ एका दमात म्हणताना श्वास तसाच लांबतो, असा माझा अंदाज आहे.

पैशाचं म्हणाल तर टाळ बहुतेक मंडळांकडं असतात. डोकेदुखी वेगळीच. एकादशीला रात्र होते आणि सकाळी ड्युटी असते. स्पर्धेची तयारी सुरू झाली की मंडळात रुसवेफुगवे येतात. नेहमीच्या आवाजाच्या वर जाऊन ओरडलात तर गळा बसतो. ज्यांची देवावर श्रद्धा नाही त्यांना ‘माऊली’ म्हणून कुणी पाया पडलं की अवघडायला होतं. काहींना दोन आठवड्यांत त्याची सवय होते, काहींना कधीच होत नाही. बायकांची मंडळं बऱ्याचदा दुपारी बसतात, त्यामुळं घरचं सांभाळून जमतं. नवरात्राच्या आधी गेलात तर चाली शिकवायला वेळ नसतो. नवरात्र उरकल्यावर जा.

श्रद्धेचा अडसर असेल तर कराओके ग्रुप आहेत. माणसं तशीच मिळतात, पण गाताना माईकसमोर एकट्यानं उभं राहावं लागतं. मूळ गायकाच्या पट्टीत ट्रॅक घेऊन ताणू नका, खाली उतरवून घ्या.

अमुक राग अमुक रोगावर, असे तक्ते फिरतात त्यांच्यावर पैसे घालवू नका. मधुमेह बरा करणारा राग अजून कुणाला सापडलेला नाही. नैराश्यात नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर निदान थोड्या काळापुरता फायदा होतो, असं २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, म्हटलंय. त्यात उपचार चालूच होते आणि जोडीला प्रशिक्षित माणूस होता, हे विसरू नका. झोप, भूक, कामाची उमेद दोन आठवडे गेलेली असेल तर आधी डॉक्टर. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका.

तरीही ठरत नसेल तर येत्या गुरुवारी किंवा एकादशीला जवळच्या देवळात भजन सुरू असताना मागच्या सतरंजीवर जाऊन बसा. नाव घालावं लागत नाही, फी नाही, मध्येच उठून गेलात तरी कुणी विचारत नाही. क्लासला एवढी मोकळीक नसते.