कणकेचा गोळा की गांडूळ?

उजनीच्या काठी रोहू, मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) मासा धरायचा असेल, तर गळाला कणीक लावावी की गांडूळ, असा प्रश्न एका नवशिक्या मित्राने विचारला. बाजारातल्या तयार आमिषाच्या सुगंधी पाकिटांचा विचार येथे केलेला नाही.

खर्चात दोन्ही सारखीच. मात्र गांडुळे उन्हाळ्यात सहज सापडत नाहीत, कणीक मात्र बारमाही घरात असते.

खरा फरक टिकाऊपणात आहे. नुसती कणीक पाण्यात लवकर सुटते. परंतु ती शेंगदाण्याची पेंड घालून घट्ट मळली आणि त्यात पिंजलेल्या कापसाचे चार तंतू मिसळले, तर वाटाण्याएवढा गोळा गळावर बराच वेळ टिकतो. गांडूळ मळावे लागत नाही आणि फेकताना निसटत नाही, पण चिलापी (तिलापिया मासा) ते कुरतडून नेते आणि शिंगाळा हा मिशांचा मासाही त्यावर येतो.

रोहू, मृगळ आणि सायप्रिनस यांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. त्यामुळे मासा आमिष आधी ओढून चाखतो आणि संशय आला की थुंकतो. म्हणून आमिष कोणतेही असो, दोरीला लावलेले शिशाचे वजन हलके असावे आणि दोरी फार ताणू नये. कटला बहुधा वरच्या थरात चरतो, त्याच्यासाठी तळाशी टाकलेली दोन्ही आमिषे कमकुवतच.

ज्याला एका जागी बसून केवळ रोहू-मृगळच हवा आहे, त्याने कणीक घ्यावी. तळ उकरणाऱ्या सायप्रिनससाठी, किंवा कोणताही मासा चालत असेल तर, गांडूळ बरे.