सिलेक्टचा ब्रिलियंट सुपर: गोलकीपरच्या हातातून रिव्ह्यू

मी कोपनहेगनला वीकेंडच्या हौशी टीममध्ये गोलकीपर असतो, त्यामुळे सिलेक्ट कंपनीच्या या फुटबॉलचा हा रिव्ह्यू स्ट्रायकर लोकांच्या फार कामाचा नाही, आधीच सांगतो.

बॉलला ग्रिप मस्त आहे. इथल्या फेलेडपार्कन बागेच्या ओल्या गवतावर ग्लोव्हज भिजलेले असले तरी सटकत नाही, छातीशी ओढला की बसतो. मी घेतला तो हाताने शिवलेला, टाके खोल आहेत, बोटांना खाच लागते. लांबून आलेला शॉट हवेत नाचत नाही, न शिवता तुकडे चिकटवून बनवलेले काही बॉल अगदी शेवटी कुठेतरी वळतात आणि शिव्या कीपरला बसतात.

आता गंमत म्हणजे ही कंपनी काढलीच एका गोलकीपरने. एगिल निल्सन, कोपनहेगनच्या केबी क्लबचा, डेन्मार्ककडून २८ मॅच. तेव्हा तिथे फुटबॉल म्हणजे पूर्ण हौशी मामला, खेळून पगार नाही, पोटापाण्याचं वेगळं बघायचं. पठ्ठ्याने १९४७ ला सिलेक्ट सुरू केली आणि १९४८ ला लंडन ऑलिम्पिकचं ब्राँझही आणलं, ब्रिटनला ५-३ हरवून. त्याच टीममधले जॉन हॅन्सन, प्रेस्ट वगैरे इटलीत युव्हेंटस क्लबकडे गेले, पैसा मिळाला पण प्रोफेशनल झाले म्हणून नॅशनल टीमचं दार बंद. हा राहिला घरीच, बॉल बनवत.

जुना बॉल चामड्याचा, त्याला बुटासारखी नाडी, हेडर मारला की कपाळ सोलायचं आणि नाडीवर आपटला तर उसळी कुठे जाईल देव जाणे. सिलेक्टने १९५१ ला बिननाडीचा काढला (अर्जेंटिनात हे १९३० च्या दशकातच झालेलं, त्यामुळे जगात पहिला वगैरे कोणी सांगितलं तर सोडून द्या). १९६२ ला ३२ तुकड्यांचा, २० षटकोनी १२ पंचकोनी. लोकांना तो आदिदासचाच वाटतो कारण १९७० च्या मेक्सिको वर्ल्डकपमध्ये त्यांचा तसला बॉल टीव्हीवर दिसला.

बाकी, हा मॅचचा बॉल आहे, स्वस्त नाही, सिमेंटवर घासू नका. हवा भरताना सुई ओली करून घाला नाहीतर व्हॉल्व्हची वाट लागते. चिकटवलेलं मॉडेलपण येतं, ते बघून घ्या. आणि साइज नीट तपासा, मला एका ऑनलाइन दुकानाने पाचऐवजी चार नंबर पाठवला आणि वर परतीचं कुरिअर माझ्याच खिशातून, त्यामुळे पुढचा मी दुकानात जाऊन हातात धरूनच घेणार.