भिशीच्या बायकांचं क्रूझ आणि गेलेले १,८१,२०० रुपये

आकडा आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी अंदाज बांधत बसायला नको. एक लाख एक्क्याऐंशी हजार दोनशे. आम्ही आठ जणी, माणशी २२,६५०. भिशीचे पैसे, क्रूझच्या खोट्या बुकिंगमध्ये गेलेले. गोळा मी केले, पाठवले मी, त्यामुळे आता बोलणीही मीच खाते. गावाचं नाव लिहीत नाही. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. शोभा व्हायची तेवढी झालेली आहे.

फेसबुकवर जाहिरात, खाली व्हॉट्सॲप नंबर, ‘शेवटच्या चार केबिन शिल्लक’ हा प्रकार तुम्हाला माहीत आहे, मलाही होता. माझं मॅचिंग सेंटर आहे, दिवसभर माणसांशीच गाठ असते. केवायसी बंद पडतंय म्हणून फोन करणारे, लाइट कापतो म्हणणारे, अशांना मी गिऱ्हाइकांसमोर झापलेलं आहे. तेव्हा ‘तुला एवढं कसं कळलं नाही’ असं विचारणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. हा क्रूझचा एजंट त्यातला वाटतच नव्हता.

पहिल्या फोनला त्याने पैशांचा विषयही काढला नाही. विचारलं काय, तर ‘ताई, तुमच्यात कुणाला गाडी लागते का?’ आमच्यातल्या एकीला चोपड्याच्या एसटीतसुद्धा मळमळतं. तो म्हणाला, मग जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घेऊ, पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त जाणवतात. उलटीची गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, सुटायच्या आधी घ्यायची. मग त्याने एक पीडीएफ पाठवली, चांगल्या मराठीत, आरामदायी क्रूझ सहलीच्या सूचनांची. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनपर्यंत पोचायला काही तास लागतात, म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री नेऊ नका, काढून घेतात. बोटीवर रोख चालत नाही, खर्च केबिनच्या कार्डावर चढतो आणि उतरताना हिशोब होतो. खोल समुद्रात गेल्यावर मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कला जोडला जाऊन रोमिंगचं बिल येतं. सुरक्षेची कवायत चुकवता येत नाही. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून कलंडलं, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, आणि त्यानंतर जहाज सुटण्याआधीच ती उरकायची पद्धत पडली, हेसुद्धा त्यात होतं. घरचं खाणं आत नेता येत नाही, असंही होतं. ते वाचून आम्ही बिबड्यांचे डबे बॅगेतून बाहेर काढले.

हे सगळं खरं आहे. तपासून बघा. मी तपासलं होतं. भाच्याला सांगून इंटरनेटवर एकेक गोष्ट पडताळली, सगळी जुळली. आणि इथेच आम्ही फसलो, कारण जहाजाची माहिती खरी निघाली म्हणून त्याच्याकडे जहाजाची केबिनही असेल असं आम्ही धरून चाललो. माहिती कुणालाही मिळते. तुम्ही पडताळायचा तो बुकिंग क्रमांक, आणि तोही एजंटाने दिलेल्या लिंकवर नाही. जहाज कंपनीचा ग्राहक सेवेचा नंबर स्वतः शोधायचा, फोन लावायचा, क्रमांक आणि एका प्रवाशाचं नाव सांगायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

त्यात तो म्हणे मूळचा धरणगावचा. ‘मुंबईत राहून शेवभाजीला तरसलोय ताई.’ आता खान्देशातला माणूस म्हटल्यावर आपण पाणी विचारतोच.

फक्त माझ्या सासूबाईंना पटलं नव्हतं. ‘समिंदरमा कसाले जातस व माय? आपली तापी काय कमी शे का?’ आम्ही हसलो होतो. आता त्या काही बोलत नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट आहे.

मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री, डिसेंबर. माणशी १४,५००. कंपनीच्या साइटवर दिसत होतं त्यापेक्षा थोडंच कमी. पाच हजारात नेतो म्हणाला असता तर मीच फोन आपटला असता. आठ जणींचे १,१६,०००. त्यातले २९,००० आगाऊ, ८७,००० नंतर. पावती आली, तिच्यावर फोर्टमधल्या इमारतीचा पत्ता, जीएसटी क्रमांक, गोल शिक्का. क्रमांक पंधरा अक्षरांचा, सुरुवातीला महाराष्ट्राचे २७, म्हणजे दिसायला अगदी चोख. पुढे भाच्याच्या मित्राने तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर कुठल्यातरी हार्डवेअरवाल्याचा निघाला. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, नाव सरळ समोर येतं. पावती हातात पडताच हे करा.

मग एकेक सुरू झालं. पोर्ट चार्जेस आणि कर म्हणून माणशी २,१५०, एकूण १७,२००. यात मला शंका यावी कशी? बंदराचं शुल्क आणि जीएसटी भाड्याच्या वर लागतात हे खरंच आहे, खऱ्या कंपन्याही वेगळे दाखवतात. केबिनचा नंबर मागितला तर म्हणाला, ‘गॅरंटी केबिन आहे ताई, नंबर शेवटी मिळतो.’ हीसुद्धा खरी पद्धत आहे. प्रकार ठरलेला, नंबर कंपनी नंतर देते. बघा, दर वेळी खऱ्या नियमाच्या आडोशाला उभा.

त्यानंतर बाल्कनी. चार केबिनला सहा-सहा हजार, एकूण २४,०००. ‘मोकळी हवा मिळाली की मळमळ होत नाही.’ अहो, याच माणसाने खालच्या मजल्यावरची मधली केबिन सांगितली होती ना? बाल्कनीच्या केबिन सहसा वरच्या मजल्यांवर असतात. त्याची स्वतःची पीडीएफ माझ्या फोनमध्ये होती, वर करून वाचली असती तर तिथल्या तिथे पकडला असता. पण आठ बायकांसमोर ‘बाल्कनी’ हा शब्द एकदा उच्चारला गेला की कोण कुणाचं ऐकतं. सगळ्यांना पहाटेचा फोटो हवा होता. आता त्याच मला विचारतात, तू नको का म्हणाली नाहीस.

आणि शेवटचा हप्ता. हा आठवला की अजून कानशिलं तापतात. ‘परत मिळणारं डिपॉझिट’, माणशी ३,०००, म्हणजे पुन्हा २४,०००. क्यूआर पाठवला. मी स्कॅन केला आणि स्क्रीनवर नाव आलं एका मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानाचं. मी ते वाचलं. नाही वाचलं असं म्हणणार नाही. माझ्या काउंटरवर दिवसातून कितीदा तरी मी गिऱ्हाइकाला सांगते, ‘ताई, नाव बघा, मग पाठवा.’ मी त्याला फोनही केला. तो म्हणाला, कंपनीच्या खात्याची आजची मर्यादा संपली, हे आमच्या व्हेंडरचं खातं. आणि मला ते पटलं, कारण आमच्या दुकानाच्या क्यूआरवर माझ्या दिराचं नाव येतं. दुकान माझं, खातं त्याचं. अर्ध्या बाजारपेठेत असंच चालतं. त्यात बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, एकीला अस्तर हवं, दुसरीला फॉल. पिन टाकला. एवढ्या मोठ्या जहाजाचे पैसे मोबाइल रिपेअरिंगवाला का घेईल, हा प्रश्न मला रात्री अंथरुणात पडला आणि ‘आता मी उगाच शंका काढते’ म्हणून मीच तो गिळला.

तुम्ही गिळू नका. नाव जुळलं नाही तर पिन टाकायचा नाही, मग समोरचा काहीही सांगो. आणि मोठी रक्कम शक्यतो क्रेडिट कार्डाने, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर भरा. कार्डावर निदान वाद घालायला जागा असते.

वेब चेक-इन कसं करायचं विचारलं, तर ‘ग्रुप बुकिंगचं आम्हीच करतो’. हे जिथे ऐकाल तिथे थांबा. वेब चेक-इन स्वतः करा, बोर्डिंग पास स्वतः काढा.

बंदरावर काय झालं ते फार लिहीत नाही. रात्रीच्या गाडीने जळगावहून सीएसएमटी, टॅक्सीने बॅलार्ड पिअर. गेटवरच्या माणसाने आमचे कागद मशीनखाली धरले, पुन्हा धरले, मग कंपनीच्या मुलीला बोलावलं. ती चांगली होती बिचारी. यादीत आठांपैकी एकही नाव नव्हतं. मागे रांग, नवीन साड्या, गॉगल, आणि मी त्याला फोन लावतेय. आधी वाजला, मग बंद. जहाज समोर उभं होतं, तेवढं मात्र खरं निघालं.

आता यंत्रणेबद्दल लिहिते, कारण चोराने एकदाच लुटलं, इथे मात्र रोज अपमान आहे.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी फोन नंबर १९३० लागतो, पण लागेपर्यंत जीव जातो. तिथल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी गेले. दीड महिन्यापूर्वी सुरुवात झाली म्हटल्यावर त्याचा आवाजच उतरला. ताजे असते तर खात्यातच रोखता आले असते, आता पुढे गेले असतील, असं म्हणाला. तक्रार मात्र नोंदवून क्रमांक दिला, तेवढं काम नीट केलं. म्हणून सांगते, शंका आली की रात्र असो की लग्न असो, आधी १९३०, मग रडणं.

बँकेत गेले. ‘पिन तुम्हीच टाकला ना मॅडम?’ हो. ‘मग हा अनधिकृत व्यवहार होत नाही.’ झालं. ज्या बँकेत माझं दुकानाचं खातं वर्षानुवर्षं आहे, तिथे मला बसायलाही कुणी सांगितलं नाही.

पोलीस ठाण्यात तर कमालच. पैसे इथून पाठवले, फसवणूक मुंबईत उघड झाली, पत्ता फोर्टचा, मग गुन्हा कुठला? ‘मुंबईला जा.’ मुंबईला फोन केला तर ‘राहता तिथे द्या.’ अहो, १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते. हे मी सांगितलं, तर टेबलामागचे साहेब म्हणाले, ‘बाई, कायदा आम्हाला शिकवू नका. एवढ्या हुशार होत्या तर पैसे कसे पाठवले?’ शेजारचा शिपाई हसला. मग चॅटच्या प्रिंट आणा, आणल्या. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणा, आणला. आठही जणींची आधार झेरॉक्स आणा, आणली. साहेब बंदोबस्ताला गेले. साहेब रजेवर गेले. शेवटी घेतला तो साधा अर्ज, गुन्हा नाही. अर्जाची पोच सही-शिक्क्यासह मागून घ्या, न मागता कुणी देत नाही. तरीही गुन्हा दाखल करत नसतील तर त्याच कलमात पोलीस अधीक्षकांना लेखी टपालाने पाठवायची सोय आहे. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलं. त्यानंतर कुठे हालचाल झाली, आणि तेव्हा तेच साहेब म्हणाले, ‘वर जायची काय गरज होती ताई?’

आजची स्थिती अशी की एका खात्यात ११,३४० रुपये रोखून ठेवलेले सापडले. ते सुटायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकिलाने फी सांगितली आठ हजार.

ग्राहक आयोगात जावं म्हटलं. पाच लाखांपर्यंत फी नाही, आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, सगळं छान. पण नोटीस बजावायला समोरच्याचा खरा पत्ता हवा. पावतीवर आठवा मजला आहे, आणि भाचा बघून आला, इमारत पाच मजल्यांची. दुकान, पत्ता, माणूस खरा असेल आणि सेवा बिघडली असेल, तर हा रस्ता जरूर धरा. आमच्यासारख्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर संशयिताचा मोबाइल नंबर किंवा यूपीआय आयडी टाकून आधीच्या तक्रारी आहेत का ते बघता येतं. पैसे पाठवण्याआधी बघा, मी नंतर बघितलं. आणि पावसाळ्यातली मुंबई-गोवा बोट कुणी स्वस्तात देत असेल तर सावध व्हा, त्या दिवसांत मोठी क्रूझ जहाजं सहसा मुंबईहून सुटत नाहीत. लक्षद्वीपची फेरी असेल तर परवाना लागतो हे खरं, पण ‘परमिट फी’ कुणाच्या खासगी खात्यात भरू नका.

भिशीतल्या दोघींना मी त्यांचे पैसे माझ्याजवळचे दिले, कारण त्यांच्या घरी कळलं असतं तर त्यांचं बाहेर पडणंच बंद झालं असतं. बाकीच्यांशी हप्त्याने ठरलंय. एक अजून बोलत नाही.

आणि ती पीडीएफ अजून फिरतेय. परवा माझ्या माहेरच्या ग्रुपवर आली, तीच अक्षरं, तेच फोटो, खाली नंबर फक्त नवा. मी लगेच लिहिलं की हे आम्हाला फसवणाऱ्याचं आहे, फोन करू नका, पुढे पाठवू नका. एका वहिनीचं उत्तर आलं, ‘हो का? पण माहिती छान आहे हो.’