कुमानो ट्रॅव्हल: नावं गेलेल्या गावांतून चालताना बुकिंग कसं करावं

जपानच्या वाकायामा प्रांतातली कुमानो कोदो या जुन्या तीर्थयात्रेच्या वाटांपैकी नाकाहेची ही वाट चालायची असेल, तर मुक्कामासाठी 'कुमानो ट्रॅव्हल' हीच साइट आधी उघडा. मोठ्या हॉटेल-साइट्सवर न दिसणारे मिन्शुकू, म्हणजे घरच्याच माणसांनी चालवलेले चार-सहा खोल्यांचे मुक्काम, इथे इंग्रजीत बुक होतात. बॅग पुढच्या मुक्कामी पाठवणं आणि दुपारचा डबाही इथूनच ठरवता येतो. फक्त क्लिक केलं की खोली आपली, असा कारभार नाही. आपण विनंती टाकायची, मग ऑफिसातली माणसं जागा पाहून कळवतात. शेवटच्या आठवड्यात बेत ठरवणाऱ्याचं इथे जमत नाही.

ही सेवा चांगली का, याचं उत्तर तिथल्या गावांच्या इतिहासात आहे. मार्च 1999 मध्ये जपानमध्ये 3,232 नगरपालिका आणि ग्रामपालिका होत्या, मार्च 2010 पर्यंत विलीनीकरणात 1,727 उरल्या. त्याच लाटेत 1 मे 2005 रोजी तानाबे शहर, नाकाहेची आणि होंगू ही छोटी नगरं, र्युजिन आणि ओतो ही खेडी एकत्र होऊन आजचं तानाबे झालं. क्षेत्रफळ हजार चौरस किलोमीटरच्या वर, आणि त्यात बहुतेक डोंगरच. पुढच्या वर्षी पाचही जुन्या गावांच्या पर्यटन संघटनांना धरून तानाबे सिटी कुमानो टुरिझम ब्यूरो उभा राहिला. 2010 पासून ही बुकिंग सेवा तोच चालवतो. कुठल्या वाडीत कोण पाहुणे घेतं हे ठाऊक असलेली माणसं त्यामुळे आधीपासूनच हाताशी होती.

पत्ता वाचताना मात्र सावध राहा. 'तानाबे' लिहिलेला मुक्काम किई-तानाबे स्टेशनजवळ असेलच असं नाही. होंगूचे मुक्कामही तानाबेतच मोडतात आणि स्टेशनवरून तिथे बसने दोन तास लागतात. म्हणून शहराचं नाव सोडून द्या, त्यापुढचं जुनं नाव बघा: नाकाहेची-चो, होंगू-चो ('चो' म्हणजे नगर, 'मुरा' म्हणजे खेडं). र्युजिन खेडं म्हणून विसर्जित झालं, तरी पत्त्यात अजून 'र्युजिन-मुरा' असंच लिहितात. ओतोचं नाव पत्त्यातून साफ गेलं. होंगू ते नाची वाटेवरचं कोगुची हे खेडं पूर्वी कुमानोगावा-चो मध्ये होतं, ते 2005 मध्येच शिंगू शहरात गेलं. नाचीचं देऊळ ज्यात येतं ते नाचीकात्सुउरा मात्र स्वतंत्र नगर म्हणून टिकून आहे.

बुकिंगची सुरुवात कोगुचीपासून करा. होंगू ते नाची या दोन मोठ्या देवळांमधल्या टप्प्यात मधला मुक्काम व्यवहारात तोच, आणि खाटा मोजक्या. तिथला मोठा मुक्काम म्हणजे जुन्या शाळेच्या इमारतीतलं कोगुची शिझेन-नो-इए. ती रात्र पक्की झाली की बाकीच्या तारखा तिच्याभोवती बसवा. उलट क्रमाने गेलात, तर चार रात्री मिळतात आणि पाचवी अडते. वसंतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हेच सगळ्यात जास्त घडतं. एकट्या माणसाला अनेक ठिकाणी जादा दर पडतो, काही ठिकाणी गर्दीच्या दिवसांत घेतच नाहीत.

वाट जिथून चालायला सुरू करतात त्या ताकिजिरीपासून होंगू साधारण 38 किलोमीटर. ताकिजिरीपासून चिकात्सुयु हे मधलं गाव 13 किलोमीटर, पण पहिलीच चढण अंगावर येते, सहा-सात तास धरा. चिकात्सुयु ते होंगू 25 किलोमीटर, म्हणजे उजाडता निघून अंधाराच्या आत पोचायची कसरत. झेपणार नसेल तर सकाळच्या बसने कोबिरो-ओजी-गुचीपर्यंत जा आणि तिथून चाला. दर 500 मीटरला क्रमांकाचा खांब आहे, त्यामुळे वेग मोजणं सोपं. 2011 च्या वादळात दरड कोसळल्यावर इवागामी खिंडीच्या भागात वळणमार्ग काढला, म्हणून जुन्या नकाशावर विसंबू नका. आणि कोगुचीहून नाचीकडे जाताना दोगिरी-झाकाची चढण लागते: 870 मीटरच्या एचिझेन खिंडीपर्यंत जवळजवळ 800 मीटर उभं चढायचं. नाचीकडून आलात तर हाच भाग उतरावा लागतो. शेवाळलेल्या दगडी पायऱ्या पावसात साबणासारख्या होतात, गुडघे दुखरे असतील तर ती दिशा घेऊ नका.

शाकाहारी माणसांनी पुढचं नीट वाचावं. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून भागत नाही. मासा ताटात नसला तरी सूप, भाजी, सॉस सगळ्याच्या तळाशी वाळवलेल्या बोनितो माशाचं, म्हणजे काट्सुओबुशीचं, दाशी (उकळून काढलेला अर्क) असतं. विनंतीतच 'मासा नको, काट्सुओबुशी नको, दाशी कोंबूचं चालेल' असं फोड करून लिहा; कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ. काही घरं नम्रपणे नकार देतात, आणि तो नकार आधी मिळालेला बरा. डब्यातल्या उमेबोशीच्या (खारवलेल्या आंबट फळाच्या) ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यातही, फसगत होते, कारण काही उमेबोशी बोनितो घालून मुरवलेली असतात. भात सगळीकडे असतो, मेतकुटाची पुडी सोबत असली की निभतं.

बॅग पाठवण्याची सोय पैसे वसूल आहे. सकाळी मुक्कामीच ठेवून निघायचं, संध्याकाळी पुढच्या ठिकाणी ती पोचलेली असते. रेनकोट, औषधं आणि रोकड मात्र पाठीवरच ठेवा. बसमध्ये चढताना नंबराची चिठ्ठी घ्यायची, उतरताना समोरच्या फलकावर त्या नंबराखालचं भाडं बघून नेमकी रक्कम पेटीत टाकायची. सुट्ट्याचं यंत्र नाणी आणि हजार येनची नोट घेतं, मोठी नोट दाखवलीत तर खोळंबा होतो.

बघण्याजोगं खूप आहे, पण दोन जागी थांबाच. त्सुगिझाकुरा-ओजीचे (ओजी म्हणजे वाटेवरचं छोटं देऊळ) प्रचंड सुगी वृक्ष, म्हणजे जपानी देवदार, एका बाजूलाच, नाचीच्या दिशेने, फांद्या टाकून उभे आहेत. 1906 पासून सरकारने छोटी देवळं एकत्र करण्याचा सपाटा लावला तेव्हा तिथलीही झाडं तोडायला निघाले होते. तानाबेत राहणाऱ्या मिनाकाता कुमागुसु या अभ्यासकाने त्याविरुद्ध लढा दिला, म्हणून ही उरली. गावांआधी देवळांचं विलीनीकरण झालं होतं, हे इथे कळतं. दुसरी जागा म्हणजे कोगुचीजवळची वारोदा शिळा: शेवाळाखाली कोरलेली तीन संस्कृत बीजाक्षरं. सिद्धम् लिपी आहे, देवनागरी वाचणाऱ्याला लगेच लागत नाही, पण ओळखीची रेघ दिसते.

स्पेनमधली सांतियागोची तीर्थवाट आधी चालला असाल, तर ड्युअल पिल्ग्रिम, म्हणजे दोन्ही वाटांचा यात्रेकरू, अशी नोंदणी होते. त्यासाठी ताकिजिरी ते होंगू पूर्ण, किंवा नाची ते होंगू 30 किलोमीटर, किंवा कोयासानहून होंगूला येणारी 70 किलोमीटरची कोहेची वाट चालावी लागते. वेळ कमी असेल तर होस्शिनमोन ते होंगूचे 7 किलोमीटर चालून नाची आणि हायातामा या देवळांना भेट दिली तरी चालतं. चालल्याचा पुरावा म्हणून पुस्तिकेत उमटवायचे शिक्के वाटेवरच्या ओजींजवळच्या छोट्या लाकडी पेट्यांमध्ये असतात. पुस्तिका बॅगेबरोबर पुढे पाठवलीत, तर त्या दिवसाचे शिक्के बुडाले.