दिवसा अंधार, रात्री पांढराफटक उजेड: रंग बदलणारे बल्ब धुळ्याच्या घरात सहा महिने वापरून

मार्चमध्ये घेतले होते, आता सप्टेंबर संपत आलाय, म्हणजे पूर्ण उन्हाळा अन् जवळजवळ पूर्ण पावसाळा वापरून लिहितोय. बल्ब म्हणजे ते वायफायवाले, सकाळी पांढरे होतात अन् संध्याकाळपासून हळूहळू पिवळे होत जातात ते. खोक्यावर लिहिलेलं होतं की शरीराच्या नैसर्गिक घड्याळाला मदत करतात, झोप सुधारते. १० वॅटचे सहा घेतले, पाचकंदीलजवळच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून, एक साधारण सातशेला पडला. कंपनीचं नाव लिहित नाही कारण असे बल्ब आता बऱ्याच जणांचे मिळतात अन् मला जे सांगायचंय ते सगळ्यांना सारखंच लागू आहे.

आधी घराचं सांगतो, नाहीतर बाकीचं कळणार नाही. आम्ही देवपूरात राहतो, माझं अकाउंटचं काम घरूनच चालतं, पुढच्या खोलीत टेबल. त्या खोलीला एकच मोठी खिडकी अन् मार्च लागला की तिच्यात कूलर बसतो. उरलेल्या फटीत पुठ्ठा. दुसऱ्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा, दार सकाळी नऊलाच लोटून घ्यायचं ते थेट संध्याकाळी सहाला उघडायचं. आपल्याकडं हे घरोघरी असंच आहे, ४३-४४ डिग्रीत दुसरं करणार तरी काय. पण याचा अर्थ चार महिने आपण दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसतो, अन् दिवस मावळला की घरभर पांढऱ्याफटक ट्यूबा लावतो अन् रात्री अकरापर्यंत त्याखाली बसतो. म्हणजे शरीराला दिवस असताना रात्र दाखवतो अन् रात्र असताना दिवस. मला हे कधी सुचलंच नव्हतं. आई (वय ७२) संध्याकाळी सातलाच खुर्चीत पेंगायची अन् पहाटे तीनला टक्क जागी, मला स्वतःला एक-दीडशिवाय डोळा लागत नव्हता, तेव्हा वाचायला लागलो.

वाचलं त्यातलं कामाचं तेवढं सांगतो. डोळ्यात बघण्याच्या पेशी सोडून आणखी एका प्रकारच्या पेशी असतात, त्या चित्र बघत नाहीत, उजेड किती आहे ते मोजतात अन् मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या डेव्हिड बर्सन यांच्या टीमनं दाखवलं की या पेशी स्वतःच उजेड ओळखतात. त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात निळसर उजेडानं, ४८० नॅनोमीटरच्या आसपास. अन् पांढरा एलईडी बनतोच मुळी निळ्या चिपवर पिवळा थर देऊन, म्हणून जितका थंड पांढरा बल्ब तितकं त्यात निळं जास्त. आपल्याकडं दुकानात काही न सांगता बल्ब मागितला की हातात येतो तो ६५०० केल्व्हिनचा, सगळ्यात निळसर (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळा). रात्री दहाला तो डोक्यावर असला की झोपेचं मेलॅटोनिन उशिरा तयार व्हायला लागतं.

दुसरी गोष्ट मला जास्त भिडली. २०१३ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राइट यांनी आठ माणसांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं, उजेड फक्त सूर्याचा अन् रात्री शेकोटीचा, तर त्यांची आतली घड्याळं साधारण दोन तास अलीकडं सरकली. हे वाचलं अन् मला आमच्या लहानपणीची गच्ची आठवली. उन्हाळ्यात सगळी आळी गच्चीवर झोपायची, साडेनऊला सामसूम, अन् साडेपाचला उजाडलं की डोळे आपोआप उघडायचे, कोणी उठवायला लागायचं नाही. आता कूलर-एसी आला, गच्ची सुटली अन् तिच्याबरोबर ती पहाटही सुटली.

तर बल्ब. पहिल्या रात्री आठनंतर सगळं घर पिवळं झालं अन् आई अहिराणीत म्हणाली, "हाऊ ते चिमनीना उजेड शे रे भाऊ." (हा तर रॉकेलच्या चिमणीचा उजेड आहे.) तिला वाटलं व्होल्टेज गेलं. बायको म्हणाली, अहो हे लग्नाच्या हॉलसारखं वाटतंय. आठ-दहा दिवस असंच चाललं, मग सवय झाली, अन् आता मागच्या आठवड्यात पाहुणे आले होते, त्यांनी जुनी ट्यूब लावली तर आईच म्हणाली बंद कर ती, डोळ्यात जाते, "हाऊ पिवयाच बरा, डोयाले गार लागस." हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. माझी झोप साधारण तीन आठवड्यांत बाराच्या आत यायला लागली. पण खरं सांगायचं तर त्याच काळात मी मोबाईल बेडरूमच्या बाहेर ठेवायला सुरुवात केली, त्यामुळं किती श्रेय बल्बचं अन् किती मोबाईलचं हे वेगळं काढता येत नाही.

पण दिवसाचं काम या बल्बांना झेपत नाही, अन् खोक्यावर हे कुठंच लिहिलेलं नसतं. २०२२ मध्ये या विषयातल्या शास्त्रज्ञांनी मिळून शिफारस केली की दिवसा डोळ्यापाशी निदान २५० मेलॅनोपिक लक्स पाहिजे, झोपेच्या आधीचे तीन तास १० च्या वर नको, अन् झोपताना १ च्या वर नको. लक्स म्हणजे उजेडाचं माप, अन् मेलॅनोपिक म्हणजे त्या घड्याळवाल्या पेशींच्या हिशोबानं मोजलेला उजेड. मी मोबाईलचं लक्स मोजायचं ॲप घेतलं, ते काही अगदी अचूक नसतं पण अंदाज येतो. पुढच्या खोलीत तीन बल्ब फुल पांढरे करून टेबलापाशी दीडशेच्या आसपास. तोच मोबाईल घेऊन दाराबाहेरच्या ओट्यावर आलो, सावलीतच उभा होतो, तर आकडा दहा हजारांच्या पुढं. उन्हात तर लाखाच्या घरात जातो. तीन काय, तीस बल्ब लावले तरी ओट्याची बरोबरी होणार नाही.

म्हणून मग आम्ही बदल केला तो बल्बात नाही, सकाळमध्ये. आई आता सहा ते सात ओट्यावर बसते, चहा तिथंच, भाजी निवडणं तिथंच, मेथीची जुडी असली की शेजारच्या काकूपण येऊन बसतात. दुपारी चारनंतर ऊन कलतं तेव्हा परत अर्धा तास. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं अन् निळा उजेड आत कमी पोचतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांना दिवसा आपल्यापेक्षा जास्त उजेड लागतो, अन् आपण नेमकं त्यांनाच आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवतो, ऊन लागेल म्हणून. प्रेमानंच करतो, पण नुकसान होतं. आईचं संध्याकाळचं पेंगणं दीडेक महिन्यात बरंच कमी झालं, आता साडेनऊला झोपते अन् साडेचार-पाचला उठते. मी तर म्हणेन तिच्या बाबतीत ओट्यानं जास्त केलं.

आता त्रास. सगळ्यात मोठा म्हणजे लाईट जाणं. मे महिन्यात वादळ आलं, रात्री लाईट गेली, दोन वाजता आली अन् सहाच्या सहा बल्ब फुल पांढरे पेटले, बेडरूमचा पण, आम्ही सगळे दचकून उठलो. झोपेसाठी घेतलेला बल्ब रात्री दोनला तोंडावर टॉर्च मारतो हे कोणाच्या डोक्यातून आलं मला माहीत नाही. ॲपमध्ये खूप आत एक सेटिंग सापडली, लाईट आल्यावर आधी जसं होतं तसंच राहू दे अशी, ती लावल्यावर थांबलं. घेतला की पहिलं काम हे करा. सहाही बल्बांना वेगवेगळं करावं लागतं.

दुसरं म्हणजे बटण. हे बल्ब भिंतीवरचं बटण चालू ठेवून मोबाईलवरून बंद करायचे असतात. अन् आमच्या घरात खोलीतून बाहेर पडताना खट्ट करून बटण बंद करायची चाळीस वर्षांची सवय, ती चांगलीच सवय आहे, ती मोडा असं मी आईला सांगू शकत नाही. बटण बंद झालं की टायमिंगची वेळ निघून जाते अन् बल्ब जुन्याच रंगात राहतो. शेवटी पुढच्या खोलीचे तीन तेवढे ॲपवर ठेवले, बाकीच्यांना रंग एकदाच ठरवून टाकला. पंख्यासारखा रेग्युलेटर लावून उजेड कमी करायच्या भानगडीत पडू नका, त्यावर हे बल्ब फडफडतात.

एक बल्ब उजेड अगदी कमी केला की लुकलुकत होता, डोळ्याला दिसत नव्हतं पण बायकोचं डोकं दुखायचं. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं तर पट्टे सरकताना दिसले. दुकानदार भाऊ भला माणूस, व्हिडिओ बघितला अन् लगेच बदलून दिला. कंपनीच्या हेल्पलाईनवर मात्र चार दिवस नुसती तक्रार नोंदवली, तक्रार नोंदवली.

स्वयंपाकघरात पिवळा उजेड बायकोनं दुसऱ्याच दिवशी नाकारला अन् तिचं बरोबर आहे. तूरडाळ निवडताना खडा दिसत नाही, भरताचं वांगं चिरलं तर आत किडकं आहे का कळत नाही, फोडणीत लसूण तांबूस झाला की करपला तेही समजत नाही. तिथं ४००० केल्व्हिनचा साधा बल्ब ठेवलाय, ना पिवळा ना निळसर. मुलगी दहावीला, ती म्हणते पिवळ्यात झोप येते, तर तिच्या टेबलाला नऊपर्यंत ४००० चाच दिवा अन् मग पिवळा, त्याच्यापुढं अभ्यास नाही असं ठरलंय, अन् सकाळी पाचला ती आपली आपण उठते.

पावसाळ्यात एक फायदा झाला जो कोणी सांगितला नव्हता. पहिल्या पावसानंतर दिव्यावर पाखरं येतात, जेवायला बसणं मुश्किल होतं. पिवळ्या दिव्यावर ती खूपच कमी आली. पुढच्या दाराबाहेरचा पांढरा बल्ब काढून तिथंपण पिवळा लावला, पाली पण कमी झाल्या.

घ्यायचे का विचाराल तर माझं मत असं: ज्याच्या घरात वायफाय चांगलं आहे अन् बटणाला हात न लावणारी माणसं आहेत त्यांनी एका-दोन खोल्यांसाठी घ्यावेत. बाकीच्यांनी सातशे घालू नका, २७०० केल्व्हिनचा साधा पिवळा एलईडी घ्या, शंभर-सव्वाशेच्या आसपास मिळतो, दुकानदार म्हणेल कोणी नेत नाही, तरी मागून घ्या, खोक्यावर वॉर्म व्हाईट लिहिलेलं बघा. पाच वॅटचाच घ्या, रात्री जास्त लागत नाही. पांढरी ट्यूब काढू नका, दिवसा ती लागते, फक्त तिचं बटण अन् पिवळ्याचं बटण वेगळं करून घ्या, वायरमन दोनशे घेतो.

मी पाचात साडेतीन देतो. दिवाळीच्या आधी मागच्या दोन खोल्यांचं करायचंय, तिथं ते साधे पिवळेच लावणार. अन् पुढच्या मार्चला कूलर खिडकीत न बसवता मागच्या बाजूनं भिंतीला भोक पाडून बसवता येईल का ते गवंडीला विचारलंय, म्हणजे ती खिडकी सकाळी नऊपर्यंत तरी उघडी राहील.