कॅमारो की डार्ट? घरी घडवून स्ट्रिपवर पळवायची पहिली मसल कार

जुनी अमेरिकन मसल कार (मोठ्या, ताकदवान इंजिनाची गाडी) घ्यायची, घरच्या गॅरेजमध्ये उभी करायची आणि पाव मैलाच्या स्ट्रिपवर, म्हणजे रेसच्या सरळ पट्ट्यावर, पळवायची असं मनात आलं की बहुतेकांची नजर 1969 च्या शेवरले कॅमारोवर जाते. इथे न्यू जर्सीत कुणी मला विचारलं, तर मी त्याला आधी 1967 ते 1976 मधली डॉज डार्ट बघून यायला सांगतो. कॅमारोत खोट आहे म्हणून नव्हे. दोन्ही गाड्या एकाच कामाच्या वाटतात, पण तशा त्या नाहीत.

सुट्या भागांत कॅमारोचा हात कुणी धरू शकत नाही. पहिल्या पिढीच्या, म्हणजे 1967 ते 69 च्या कॅमारोचे दरवाजे, मडगार्ड, डिकीचा तळ, सीटची कव्हरं, सगळं नवं कोरं मिळतं. डायनाकॉर्न ही कंपनी तर अख्खी बॉडीच नवी बनवून देते. इंजिनाचंही तेच. 350 घन इंचांचं शेवरले इंजिन 1967 च्या कॅमारोतच पहिल्यांदा आलं आणि आज त्याचे भाग अमेरिकेतल्या कुठल्याही गावात मिळतात. डार्टचं यांत्रिक सामान सहज मिळतं, पण बारीक क्रोम पट्ट्या आणि दिव्यांच्या चौकटी शोधत हिंडावं लागतं. पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला जुलैमध्ये डॉज बनवणाऱ्या क्रायस्लरच्या गाडीवाल्यांचा मेळा भरतो, तिथे एक दिवस काढायची तयारी ठेवा.

भाग मुबलक, म्हणून नकलाही मुबलक. 1969 च्या कॅमारोच्या चासी नंबरवरून गाडी सहा सिलिंडरची की व्ही-8, एवढंच कळतं. ती झेड/28 आहे की एसएस (या जास्त वेगवान, महाग आवृत्त्या), याचा त्यात पत्ता नसतो. मग इंजिनावर ठोकलेले नंबरांचे शिक्के आणि जुने कागद तपासा, आणि शिक्के खरवडून नवे ठोकलेले नाहीत ना हेही बघा. डार्टचा नंबर जास्त सरळ बोलतो. त्यातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं, 1968 आणि 69 मध्ये ‘पी’ म्हणजे 340 घन इंचांचं इंजिन. नवख्या माणसाला हा फार मोठा दिलासा आहे, कारण कॅमारोत एका शिक्क्यावर हजारो डॉलर अडकलेले असतात.

स्ट्रिपवर मात्र डार्ट मन जिंकते. क्रायस्लरने मागचा एक्सल (दोन चाकं जोडणारा आस) स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधोमध न बसवता पुढे सरकवून बसवला. त्यामुळे पाट्याचा पुढचा भाग आखूड आणि ताठ राहतो, आणि गाडी सुटताना एक्सलला पिळू देत नाही. 1967 च्या कॅमारोला प्रत्येक बाजूला एकच पाटा. चांगले टायर घालून जोरात सुटलात की मागची चाकं थाडथाड उड्या मारतात. यावर उपाय आहेत, पण ते पैसे आधीच हिशेबात धरा. डार्टमध्ये एकच गोष्ट आवर्जून बघा, ती म्हणजे एक्सल. साध्या डार्टला सव्वासात इंची एक्सल असतो (हे माप आतल्या मोठ्या गिअरचं), तो रेसिंगला टिकत नाही. पावणेनऊ इंची मिळाला तर सोनं! त्याचा क्राउन-पिनियनचा (चाकं फिरवणाऱ्या गिअरांचा) सगळा गोळा पुढून बाहेर येतो. गिअरचं प्रमाण बदलायचं तर तो टेबलावर ठेवून निवांत जुळवता येतो.

चाकं काढतानाही जरा जपून. 1970 पर्यंतच्या डार्टला ड्रायव्हरच्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात आणि स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेला असतो. नेहमीच्या सवयीने पाना फिरवला की नट आणखी आवळतो आणि शेवटी स्टड तुटून हातात येतो.

गंजाच्या बाबतीत दोन्ही सारख्याच. पुढच्या काचेखालच्या जाळीत बाटलीभर पाणी ओता आणि आत पायाशी हात लावून बघा. ओल लागली तर काचेखालचा पत्रा कुजलाय, आणि हे काम सगळ्यात किचकट. डार्टला शिवाय टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनच्या पिळाच्या सळ्या) जिथे अडकतात ती आडवी पट्टी खालून टोचून बघायलाच हवी. ती गेली असेल तर गाडी सोडून द्या.

आता खरा निर्णय. एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमाप्रमाणे 13.99 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ आला की हेल्मेट लागतं, आणि 11.49 ला रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर जीव वाचवणारी आतली लोखंडी कमान. ती बसवायची म्हणजे तळाच्या पत्र्याला भोकं नाहीतर वेल्डिंग. तिथे रिस्टोरेशन संपतं. मूळ इंजिनाच्या कॅमारोला ही रेघ ओलांडायला लावणं मला तरी बघवत नाही. आणि ओलांडायची गरजही नाही. ब्रॅकेट रेसिंगमध्ये आपला वेळ आपणच आधी लिहून द्यायचा असतो, त्याहून लवकर पोहोचलात तर बाद. तिथे 14 सेकंदांची गाडीही जिंकते, फक्त प्रत्येक फेरीला तिने तोच वेळ द्यायला हवा. साधं 318 घन इंचांचं इंजिन आणि टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली डार्ट हे काम बिनतक्रार करते. पुढे वेग हवासा वाटला तर रॅम ट्रकमधलं 5.9 लिटर मॅग्नम इंजिन त्याच गिअरबॉक्सला बसतं. त्याचा बॅलन्स वेगळा असतो, तेवढं टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) घेताना सांभाळा.

म्हणून मूळ इंजिनाची, कागदपत्रांसकट कॅमारो मिळत असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर ती घ्या, जशी कारखान्यातून निघाली तशी करा आणि हौसेपुरती स्ट्रिपवर न्या. दर आठवड्याला पळायचं असेल तर डार्ट. इंजिन बदललेली कॅमारो हा मधला मार्ग आहे, पण तेवढ्याच पैशांत डार्ट बहुधा जास्त सुस्थितीतली मिळते.

पैसे देण्याआधी स्ट्रिप गाठा. न्यू जर्सीतल्या एंग्लिशटाउनला ड्रॅग रेसिंग 2018 मध्ये बंद झालं, ॲट्कोची स्ट्रिप 2023 मध्ये गेली. एडिसनकडच्यांना आता ग्रेट मेडोजचं आयलंड ड्रॅगवे आहे, नाहीतर पेनसिल्व्हेनियातलं मेपल ग्रोव्ह. सरावाच्या दिवशी पिटमध्ये (गाड्या उभ्या करून दुरुस्त करतात तिथे) फिरा आणि दोन्ही गाड्यांच्या मालकांना विचारा: या हंगामात काय तुटलं आणि ते मिळायला किती दिवस लागले?