बिनवायरच्या इस्त्रीपायी गेलेले १,४९९ रुपये

सासूबाईंचा पाय इस्त्रीच्या वायरीत दोनदा अडकला. दुसऱ्या वेळी तापलेली इस्त्री त्यांच्या पावलापासून वीतभर अंतरावर पडली आणि बिनवायरची इस्त्री घ्यायचीच, असं मी ठरवून टाकलं. मोबाइलवर एकदा शोधलं की जाहिराती पाठ सोडत नाहीत. त्यातलीच एक: 'एकदा चार्ज करा, दोन तास इस्त्री करा.' व्हिडिओत एक बाई कॉटनच्या साडीवरून इस्त्री फिरवतेय, भसाभसा वाफ निघतेय. ४,९९९ खोडून १,४९९. पैसे पार्सल हातात पडल्यावर. म्हटलं, यात काय फसायचंय!

पार्सल घेऊन आलेला मुलगा म्हणाला, "ताई, पेमेंटशिवाय उघडता येत नाही." दिले पैसे. आत तळहातात मावेल एवढी इस्त्री आणि मोबाइलला असते तशी केबल. रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी यांच्या शर्टाच्या कॉलरवरून चारदा फिरवली, सुरकुत्या जागच्या जागी. शेवटी धीर करून तळाला बोट लावलं. कोमट. चहाचा कप यापेक्षा गरम असतो.

आमचे भावजी वायरमन. त्यांनी स्क्रू काढले तर आत टॉर्चमध्ये असतो तसला एक सेल. त्यावर ३.७ व्होल्ट, २००० एमएएच. कॅलेंडरच्या मागे त्यांनी हिशेब मांडला: २००० एमएएच म्हणजे २ अँपिअर-अवर, ३.७ गुणिले २, म्हणजे सेलमध्ये साठलेली वीज ७.४ वॅट-अवर. "वहिनी, आपली साधी इस्त्री १००० वॅटची. तेवढी उष्णता द्यायची म्हटलं तर हा सेल २७ सेकंदांत आटोपेल." दोन तास म्हणे!

खरी कॉर्डलेस इस्त्री वेगळीच असते, हे मला तेव्हा कळलं. तिच्यात बॅटरी नसते. स्टँडला वायर असते, इस्त्री त्यावर तापते आणि उचलली की तळात साठलेल्या उष्णतेवर चालते. थोड्या वेळात निवते, परत स्टँडवर ठेवायची. शर्ट-ड्रेसला ठीक, खळ घातलेल्या सुती साडीला मात्र सारखी उचल-ठेव करावी लागणार. आणि विजेच्या इस्त्रीला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्कखालचा सीएम/एल नंबर 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की लायसन्स कुणाचं ते दिसतं. माझ्या खोक्यावर नुसतं 'प्रीमियम क्वालिटी'.

खोक्यावरचा फोन बंद. मग मी नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, हा दुसरा मूर्खपणा. पलीकडचा गोड बोलणारा माणूस म्हणाला, "मॅडम, रिफंडसाठी एक अ‍ॅप टाका, स्क्रीन शेअर करा आणि दहा रुपये पाठवा." हे शेजारीच बसले होते, त्यांनी फोन हिसकावला म्हणून खातं वाचलं. तसं कुणी खरंच पैसे काढलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. मी वस्तूची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता म्हणून बरं. पैसे अजून आलेले नाहीत.

परवा भावजींनी इस्त्रीचं टेबल सरकवून सॉकेटच्या भिंतीला लावून दिलं. वायर आता सासूबाईंच्या वाटेतच येत नाही.